गळवाले डॉक्टर

डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर एक लोखंडी गळ टांगलेला होता. मासे धरायचा नव्हे. विहिरीत बादली पडली की दोराला बांधून खाली सोडतात तो, चारी बाजूंना आकडे वाकवलेला. व्हर्जिनियात हर्नडनला एक बैठी विटांची इमारत, तिच्यात एका अंगाला सॉफ्टवेअरची कंपनी, दुसऱ्या अंगाला दाताचा दवाखाना, मध्ये डॉक्टरांची लॅब आणि लॅबच्या भिंतीवर हा गंजका गळ. येणारे गोरे लोक म्हणायचे, जहाजाचा नांगर छान आहे हं. डॉक्टर हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. मी पहिल्या दिवशी आत गेलो आणि विचारलं, "कुठल्या विहिरीचा?" त्याबरोबर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले.

माझं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी चौथी शिकलोय. पण साखर कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन होतो, आणि ते काम चौदावी शिकलेल्यालाही जमत नाही. मोठ्या बंद कढईत उसाच्या रसाचा पाक उकळत असतो. त्यात दाणा कधी धरला, किती वाढला, माल कधी खाली उतरवायचा, हे सांगणारा तो पॅनमन. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, बोटानं फिरवायचा, झालं. आमचे केमिस्ट साहेब पदवीवाले होते, पण माल उतरवायची वेळ आली की माझ्या तोंडाकडे बघायचे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तसं होतं म्हणून सांगतो.

रिटायर झाल्यावर मुलानं मला इकडे आणलं. ग्रीन कार्ड करून दिलं, वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली दिली. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवर, नातू इंग्रजीत उत्तर देणारा. मी खिडकीत बसून विमानं मोजायचो. दोन हजार दोनच्या गणपतीला इथल्या मराठी मंडळानं शाळेच्या कॅफेटेरियात बुंदीचे लाडू करायला घेतले. चार बायका पाकाभोवती उभ्या, एकीच्या हातात थर्मामीटर, दुसरीच्या हातात इंटरनेटवरून छापून आणलेला कागद. मी बोट घातलं, तार बघितली आणि म्हटलं, आत्ता उतरवा. तर मागून एक किडकिडीत म्हातारा पुढे आला. माझ्याच वयाचा. अंगात स्वेटर, त्याच्या वरच्या बटणाला दोरा आणि दोऱ्याला पेन्सिल लोंबकळलेली. मला म्हणाला, "खात्री कशी केलीत?"

"बोटानं."

"आणि बोटाची खात्री कशी केलीत?"

मला राग आला. म्हटलं, लाडू वळून बघा. तर त्या माणसानं खरोखर हात धुतले, उभ्या उभ्या तेरा लाडू वळले, एकेक दाबून बघितला आणि प्रसादाच्या कागदी ताटलीवर पेन्सिलीनं लिहिलं की तेरातले तेरा टिकले. मग मी काय काम करायचो ते विचारलं. आठवड्याभरानं माझ्या मुलाला त्यांचा फोन आला की तुमच्या वडिलांना माझ्याकडे काचसामान धुवायला पाठवाल का.

मुलगा म्हणाला, बाबा, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत. एकतीस वर्षं काचेकडे बघून पोट भरलं, आता म्हातारपणी काचेची लाज कसली? दुसऱ्या दिवशी जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेल्या पायवाटेनं चालत मी कामावर गेलो. वीस मिनिटांची वाट. सायकलवाले मागून घंटा वाजवत, मी काही बाजूला होत नसे.

तर डॉक्टर. ते मूळचे साताऱ्याकडचे, तरुणपणी इकडे आलेले आणि इथून कुठेच न गेलेले. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नव्हेत, संशोधनातले. त्यांचं सगळं आयुष्य फुप्फुसातल्या एका गोष्टीत गेलं होतं. ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या छातीत असते, माझ्या असते, तुमच्याही असते, आणि तिचं काम काय, तर श्वासातून येणाऱ्या जंतूच्या अंगावरची साखर ओळखायची आणि पकडायची. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. डॉक्टर तिला गळ म्हणायचे, म्हणून आम्हीही गळ म्हणायचो.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर किती सांगाव्यात. दुपारची भाकरी ते कात्रीनं कापून खात. का, तर तुकडे सारखे झाले की किती खाल्लं ते कळतं. रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं स्वतःचं नाक धुवायचे आणि ते पाणी फेकून न देता बारीक बाटलीत भरून, तारीख घालून, थंडपेटीत ठेवायचे. पेटीवर लिहिलेलं होतं "माझं नाक". कित्येक वर्षांची नाकं होती तिच्यात. कुणाशी हात मिळवत नसत, नमस्कार करत. गोऱ्या लोकांना वाटे, काय संस्कृती जपली आहे. खरं कारण एवढंच की त्यांना माणसाच्या हाताचा भरवसा नव्हता.

खोकला ऐकून ते माणूस ओळखायचे. मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत कुणी खोकलं की डॉक्टरांची मान वळलीच. एकदा पुण्याचा एक तरुण चहा पिताना सांगत होता, काका, मी फ्लू शॉट घेतला तरी मला फ्लू झाला, काही उपयोग नसतो यार. डॉक्टरांनी पेन्सिल हातात घेतली. कशावरून फ्लू? कुणी तपासला? ताप किती, किती दिवस, अंग दुखलं का नुसतं नाक वाहिलं? दहा मिनिटांत तो पोरगा कबूल झाला की साधी सर्दी असेल. त्यानंतर डॉक्टर दिसले की तो खोकला गिळून टाकायचा.

आणि सगळ्यावर एकच प्रश्न. खात्री कशी केलीत? हवामानखात्याला, दुकानातल्या पोरीला, बायकोला. वहिनी मला एकदा म्हणाल्या की लग्नानंतर पहिल्या वर्षी मी म्हटलं, भाजीत मीठ बरोबर आहे, तर हे म्हणाले, खात्री? तेव्हापासून मी मीठ वेगळं वाढते, घाला म्हणावं हवं तेवढं आणि करा खात्री.

मला ते पॅनमनच म्हणत. नावानं कधी हाक मारली नाही.

पहिल्या महिन्यात त्यांनी मला सगळं समजावलं, आणि मी ते समजलो. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या मुलाला अजून वाटतं की मी नुसत्या बाटल्या धुतल्या. सर्दी-तापाच्या व्हायरसला स्वतःचं असं फारसं काही नसतं. तो आपल्याच पेशीत शिरतो, आपलाच माल वापरून स्वतःच्या हजार प्रती काढतो आणि निघताना आपल्याच पेशीतली साखर अंगावर पांघरून बाहेर पडतो. त्यामुळे शरीराच्या सैन्याला तो घरचाच वाटतो.

मी विचारलं, मग गळाला कसा कळतो? डॉक्टर म्हणाले, त्याच्या अंगावर पुष्कळदा जी साखर असते ती पुरी झालेली नसते. पेशी स्वतःच्या साखरेवर पुढचं काम करते, शेवटची टोपी घालते. याच्या साखरेवर ते झालेलं नसतं.

म्हटलं, म्हणजे घाईत उतरवलेला माल.

डॉक्टरांनी पेन्सिलीनं ते लिहून घेतलं. घाईत उतरवलेला माल. पुढे कुणाही मराठी माणसाला समजावताना ते हेच शब्द वापरायचे आणि म्हणायचे, हे माझं नाही, आमच्या पॅनमनचं आहे.

गळाचा आकार खरंच विहिरीतल्या गळासारखा. चार हात, प्रत्येक हाताच्या टोकाला तीन-तीन तोंडं, म्हणजे बारा तोंडं. एका तोंडाची पकड अगदी कमजोर, सुटून जाईल अशी. बारांनी मिळून धरलं की सुटका नाही. अशा गळांनी व्हायरस एकमेकांना बांधले जातात, त्यांचा गोळा होतो, आणि गोळा झाला की कफातून बाहेर. पण लबाडी अशी की काही फ्लू डोक्यावर साखरच घालत नाहीत. असा उघड्या डोक्याचा आला तर गळ नुसता घासून जातो. दोन हजार तीनमध्ये सार्सच्या बातम्यांनी मंडळातले लोक घाबरून गेले होते, मुलं शाळेत पाठवावीत की नाही यावर चर्चा चालायच्या. डॉक्टरांना कुणी विचारलं की काय होईल, तर ते म्हणायचे, त्याच्या डोक्यावर काय आहे ते आधी बघू द्या.

हेच डोक्यावरच्या साखरेचं काम आमच्याकडे शलाका करायची. शलाका नागपूरची, पीएच.डी. झालेली, एकेका वर्षाच्या नेमणुकीवर आलेली. बुटकी, बोलकी, डबा उघडला की आधी माझ्या पुढ्यात सरकवणारी. मला काका म्हणायची. तिनं दाखवलं होतं की फ्लूच्या डोक्यावर साखरेचा एक गोंडा वाढवला की गळ जास्त घट्ट धरतो, तोच एक काढला की सोडून देतो. लेख लिहून पाठवला होता. तपासणाऱ्यांनी कळवलं की छान आहे, पण पुन्हा तीनदा करून दाखवा.

तिची परीक्षा बघायला फार सोपी होती. प्लास्टिकच्या ताटलीत ओळीनं खळगे. त्यात मीठपाणी, फ्लू, गळ आणि कोंबडीच्या रक्ताचा थेंब. व्हायरस मोकळा असला की तो रक्ताच्या कणांना चिकटून त्यांची जाळी करतो, खळगा गुलाबी पसरट दिसतो. गळानं व्हायरसला धरून ठेवलं असलं की रक्त खाली बसतं आणि तळाशी गोल लाल ठिपका पडतो. अगदी कुंकवाची टिकली. डॉक्टर मशिनवर वाचू द्यायचे नाहीत. ताटली खिडकीशी धरायची आणि बोलायचं, टिकली, टिकली, पसरलं. काचेच्या पट्टीवर दाणा बघण्यात जन्म गेलेल्या मला हे आवडलं नसतं तरच नवल.

आता माझं कर्म सांगतो.

बाटल्या धुण्याचा नियम भिंतीवर लिहिलेला होता. साबण, नळाचं पाणी, आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं तीन वेळा. डिस्टिल्ड पाण्याच्या नळाची धार सुतासारखी. एक बाटली तीनदा विसळायला उभं राहून पाय दुखायचे. आणि एवढं करून बाटल्यांवर पांढुरका डाग असायचाच, कारण त्याआधी त्या नळाच्या पाण्यात बुडून पडलेल्या असायच्या. तो डाग मी ओळखतो. चुन्याची खपली. कारखान्यात पाक आटवायच्या नळ्यांवर ती बसते, आणि ती बसली की कारखाना थांबतो. चुन्याची खपली म्हणजे आमचा वैरी. एकतीस वर्षं ती खरवडून काढली, आणि इथे माझ्या हातच्या बाटलीवर ती दिसावी?

दोन हजार चारच्या थंडीत मी देशी ग्रोसरीतून लिंबूसत्त्व आणलं. सून ढोकळ्यात घालते तेच. गरम पाण्यात घट्ट कालवलं, बाटल्या बुडवल्या, बाहेर काढून तशाच पालथ्या घातल्या आणि ओव्हनमध्ये वाळवल्या. नळाचं पाणी पुन्हा मारलं तर डाग परत येणार, आणि त्या सुतासारख्या धारेखाली कोण उभा राहणार. अशा चकचकल्या बाटल्या की काय सांगू. उजेडात धरली तर हातात बाटली आहे की नाही कळू नये. मी कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. माझं काम मला कळत होतं.

त्यानंतर शलाकाचं बिनसायला लागलं. एके दिवशी टिकल्या पडायच्या, दुसऱ्या दिवशी सगळी ताटली गुलाबी. तिनं रक्त बदललं. मीठ बदललं. गळ नव्यानं बनवला, त्याला तीन आठवडे गेले. पुन्हा तेच. एकदा पकडतंय, दोनदा नाही. डबा खाताना म्हणाली, "काका, मी पागल होऊन राहिले. माझ्या हातातच काही दोष आहे का?"

डॉक्टर माझ्याकडे येऊन गेले होते. मोरीच्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, पॅनमन, धुण्यात काही बदललं आहे का? मी हातातली बाटली त्यांच्यासमोर उजेडात धरली आणि म्हटलं, पूर्वीपेक्षा स्वच्छच आहे. खात्री? म्हणाले. मी म्हटलं, एकतीस वर्षांची. ते हसले आणि निघून गेले. मी नियम मोडला आहे हे मला माहीत होतं. पण नियमापेक्षा माझं काम चांगलं होतं, मग ते बदललं असं कशाला म्हणायचं? असा माझा हिशेब.

तीन महिने गेले. एका शुक्रवारी डॉक्टरांनी शलाकाला बोलावलं. दार उघडंच होतं. ते म्हणाले, या महिनाअखेर तीनदा जमलं नाही, तर आपण पहिला निकाल मागे घेऊ. पत्र मी लिहून ठेवतो. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. निकाल मागे घेतला की पुढच्या वर्षाची नेमणूक नाही. नेमणूक नाही म्हणजे व्हिसा नाही. ती बाहेर आली, हातमोजे काढले आणि माझ्याजवळच्या स्टुलावर येऊन बसली. बोलता बोलता म्हणाली की कॅल्शियमची नवी बाटलीसुद्धा फोडून बघितली.

"कॅल्शियम म्हणजे काय गं?"

"चुना, काका. चुन्याशिवाय गळ साखर धरतच नाही ना. मध्ये चुन्याचा कण लागतो."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साखरेचं सांगितलं, गळाचं सांगितलं, चुन्याचं नाही. मी बाटल्यांच्या कपाटाकडे बघितलं. वरच्या फळीवर लिंबूसत्त्वाच्या आधी धुऊन ठेवलेल्या बाटल्यांचा मोठा साठा, अजून न संपलेला, डागवाला. खालच्या फळीवर माझ्या चकचकीत. शलाका बुटकी. स्टूल हाताशी असलं की ती वरची बाटली घ्यायची, नसलं की खालची. कधी पकडतंय, कधी नाही. चुन्याच्या खपलीला खाणारं लिंबूसत्त्व मी बाटलीत तसंच वाळवून ठेवत होतो, आणि ते तिच्या चुन्याला खात होतं.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. शनिवार गेला, रविवार गेला. लपवायचं कशाला, मनात आलं की गुपचूप सगळ्या बाटल्या तीन पाण्यांनी धुऊन टाकाव्यात. आपोआप जमायला लागेल, पोरीची नोकरी वाचेल आणि माझी मानही वर राहील. वाईट काय त्यात? पण मग तिला जन्मभर वाटत राहिलं असतं की ते तीन महिने तिच्या हातात दोष होता. आणि माझ्या हातातला दोष मी तिच्या हातात ठेवायचा, हे काही मला पटेना. पॅन बिघडला तर बिघडला म्हणून सांगायची पॅनमनची रीत आहे. दुसऱ्याच्या पाळीवर ढकलतो तो पॅनमन नव्हे.

सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. शलाका तिथेच होती. टेबलावर पत्राचा कागद, पेन्सिलीनं अर्धा लिहिलेला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. लिंबूसत्त्व, पालथी बाटली, वरची फळी, खालची फळी. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं नाही, हेही सांगितलं. आयुष्यात अशी कबुली मी बायकोजवळही दिली नव्हती. आता ओरडतील, आता घरी जा म्हणतील, अशी तयारी ठेवली होती.

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "खात्री कशी केलीत?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "डॉक्टर, मी चूक कबूल करतोय."

"ते ऐकलं. पण ती चूक तुमचीच आहे हे कशावरून?"

आता याला काय म्हणाल? माणूस आपली मान खाली घालून उभा, आणि हा म्हणतो पुरावा आणा. मी चिडलो. म्हटलं, करा काय करायचं ते, माझीच चूक आहे, सिद्ध करून दाखवतो. डॉक्टर म्हणाले, छान.

शलाका माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही. "तीन महिने, काका," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

मग डॉक्टरांनी खेळ मांडला. सोळा बाटल्या मी धुवायच्या. आठ लिंबूसत्त्वाच्या, आठ डिस्टिल्डच्या तीन पाण्यांच्या. कुठली कुठली हे फक्त मला ठाऊक. बुडाशी आकडे घालायचे आणि यादी माझ्या टोपीत ठेवायची. शलाकानं प्रत्येक बाटलीत मीठपाणी बनवायचं, ताटली लावायची आणि वाचायची. डॉक्टरांनी लिहायचं. आणि मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. म्हणाले, तुमच्या तोंडावर सगळं दिसतं, पॅनमन.

तसा बसलो. समोर भिंत, भिंतीवर तो गळ. यादी मला तोंडपाठ झाली होती. मागून शलाकाचा आवाज, कोरडा. एक, पसरलं. दोन, टिकली. तीन, टिकली. चार, पसरलं. मी मनात यादी ताडून बघत होतो. सात आकड्याला ती थांबली. बहुतेक ताटली तिरपी करून बघत असेल. माझी सत्तरी जवळ आली होती, आणि आयुष्यभर मी बरोबर ठरावं म्हणून भांडलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी चुकलेला ठरावं म्हणून जीव टांगून बसलो होतो. कारण मी चुकलेला नसेन, तर ती चुकलेली होती.

सात, पसरलं, म्हणाली. सात लिंबूसत्त्वाची होती. मी श्वास सोडला तो गळापर्यंत पोचला असेल.

सोळा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, वळा. मी टोपीतून यादी काढून वाचली. सोळाच्या सोळा जुळले. डॉक्टरांनी दोनदा ताडून बघितलं, मग ‘पसरलं’ आलेल्या एका बाटलीतलं पाणी घेऊन त्यात चुन्याचं औषध वाढवलं आणि नव्यानं ताटली लावायला सांगितलं. आम्ही तिघंही खिडकीशी उभे राहिलो. रक्त बसायला वेळ लागतो. हळूहळू तळाशी लाल ठिपका गोळा झाला.

"टिकली," शलाका म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडली.

डॉक्टरांनी अर्धं पत्र फाडलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "चूक अर्धी तुमची, पॅनमन. तुम्ही एकतीस वर्षं म्हणालात आणि मी त्या शब्दावर परत गेलो. बाटली तपासली नाही. ती अर्धी माझी." इतकंच. ना रागावले, ना माफ केलं म्हणाले.

शलाकाचं पुढे तीनदा नीट जमलं, लेख छापून आला, नेमणूक वाढली. माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. पाचव्या दिवशी मोरीच्या फळीवर लिंबूसत्त्वाचं नवं पाकीट ठेवलेलं दिसलं. त्यावर मराठीत जाड अक्षरात लिहिलेलं, "फक्त ढोकळ्यासाठी". दुपारी डबा पुन्हा माझ्या पुढ्यात सरकला.

पण डॉक्टर. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नवं काम लावून घेतलं. रोज सकाळी मोरीच्या खोलीत यायचे, धुतलेल्यांतली मनाला येईल ती एक बाटली उचलायचे, त्यात मोजून चुन्याचं पाणी घालायचे आणि रंगाचे दोन थेंब. लाल राहिलं, म्हणजे चुना शाबूत, तर बाटली निर्दोष. निळं झालं तर आत चोर. मग वहीत पेन्सिलीनं तारीख आणि एक शब्द, स्वच्छ. मुलाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. मी म्हटलं, तुला कळलं नाही. ते स्वतःच्या नाकावरही विश्वास ठेवत नाहीत. ज्याची ते तपासणी करतात, ते त्यांना मोलाचं असतं. तीन वर्षांहून जास्त चाललं हे. एकदाही निळं झालं नाही. ती वही काढून बघा.

दोन हजार आठला लॅब बंद झाली. डॉक्टरांचं वय झालं होतं, छाती त्यांचीच कुरकुरायला लागली होती, आणि शलाकाला दुसरीकडे पक्की जागा मिळाली होती. शेवटच्या दिवशी खोकी भरून झाली. "माझं नाक" दुसऱ्या कुठल्याशा लॅबच्या थंडपेटीत गेलं. भिंतीवरून गळ उतरवला तेव्हा मागे त्याच्या आकाराचा स्वच्छ चौफुला उरला. मी मोरी पुसत होतो. डॉक्टर सवयीनं आले. बाटल्याही खोक्यात गेल्या होत्या, एकच ओट्यावर राहिली होती, मी नुकतीच धुतलेली. त्यांनी ती उचलली. खिशातून रंगाची कुपी काढली.

मी म्हटलं, "आता कशाला, डॉक्टर? उद्यापासून लॅबच नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "उद्या विचारता येणार नाही."

दोन थेंब टाकले. आम्ही दोघं खिडकीशी जाऊन बाटली उजेडात धरून बघत राहिलो. लाल. त्यांनी वही काढली, तारीख घातली, स्वच्छ लिहिलं. मग बटणाला बांधलेला दोरा सोडून पेन्सिल वहीत घातली आणि वही माझ्या हातात दिली.

ते गेल्यावर मी बाटली रिकामी केली. साबण, नळाचं पाणी, आणि मग त्या सुतासारख्या धारेखाली उभा राहून तीन वेळा. पाय दुखले. पालथी घातली आणि दिवा बंद केला.